सहा नंबरचं तापमान

दुपारी अडीचला बाबांचा फोन आला की उचलण्याआधीच मी चिडलेली असते. अडीचला भट्टी चढत असते, आणि भट्टी चढत असताना आलेला फोन म्हणजे भांडण.

"सहा नंबर खोटं बोलतोय," ते म्हणाले. कशी आहेस वगैरे काही नाही.

"सेन्सर खोटं बोलत नाही, बाबा. त्याला तेवढी अक्कल नसते."

"मग तुझं कार्ड बोलतंय."

"कार्डालाही नसते."

"मग अक्कल असलेलं कोण उरलं?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला. त्या महिन्यातला तो सातवा फोन होता. सातही वेळा त्यांना उत्तर नको होतं, नुसता प्रश्न माझ्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं होतं.

बाबा चिनीमातीच्या कारखान्यात भट्टी सांभाळतात. विजेच्या खांबावर तारांच्या खाली ते तपकिरी, वळ्यावळ्यांचे इन्सुलेटर बसवलेले असतात ना, ते तिथे भाजले जातात. एकतीस वर्षं तेच काम. कारखान्यात त्यांना सगळे भट्टीमामा म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनसुद्धा. मी कारखान्यांना मोजमापाच्या आणि नियंत्रणाच्या यंत्रणा बसवून देते. भट्टीमामांच्या भट्टीलाच यंत्रणा बसवायचं काम माझ्याकडे आलं, हे आम्हा दोघांचं दुर्दैव. त्यात आम्ही राहतो एकाच घरात, त्यामुळे कामावरचं भांडण कामावर संपत नाही.

यंत्रणा तशी साधी आहे. लांबलचक भट्टीत तोंडापासून पार मागपर्यंत सहा ठिकाणी तापमानाचे सेन्सर. त्यांच्या सहा वायरी शेजारच्या केबिनमधल्या एका पत्र्याच्या डब्यात येतात, आणि डब्यात असतं माझं कार्ड. तळहाताएवढं, हिरवं. ते सहाही सेन्सर वाचतं, आकडे कॉम्प्युटरला देतं आणि कॉम्प्युटरचा हुकूम परत बर्नरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचवतं. मोजायचंही त्यानेच आणि गॅस कमी-जास्त करायचाही त्यानेच. त्याआधी हे सगळं बाबा करायचे. भिंतीतल्या छोट्या भोकातून काळ्या काचेआड डोळा लावायचा, आतला रंग बघायचा आणि हाताने व्हॉल्व्ह फिरवायचा. ते हाताचे व्हॉल्व्ह मी अडीअडचणीला म्हणून तसेच ठेवले होते. बाबांच्या मते भट्टी म्हणजे रोजचीच अडचण.

यंत्रणा बसल्यापासून दोन महिन्यांत तीन वेळा मागच्या रांगेतला माल वाकला. वाकलेला इन्सुलेटर कुणीही घेत नाही. आणि तिन्ही वेळा बाबांनी मागचा व्हॉल्व्ह हाताने फिरवला होता. ते त्यांनी लपवलं नव्हतं, उलट वेळेसकट वहीत लिहून ठेवलं होतं. मागे जास्त तापतंय असं त्यांना भोकातून दिसत होतं. स्क्रीनवर मात्र सहा नंबर, म्हणजे अगदी मागचा सेन्सर, शहाण्या मुलासारखा पाच नंबरच्या शेजारी बसलेला होता.

कारखान्याचे मॅनेजर, ज्यांना मागून सगळे ग्राफसाहेब म्हणतात, त्यांना हे एवढं पुरेसं होतं. त्यांच्या भिंतीवर घरच्यांचा फोटोही नाही, नुसते ग्राफ आहेत. यंत्रणा बसली त्या आठवड्यात पाच आणि सहाच्या रेघा एकमेकींना चिकटून चाललेल्या बघून ते खुर्चीतून उठले होते. "इतकी एकसारखी उष्णता मी आयुष्यात बघितली नाही, मॅडम," म्हणाले होते. मीही तेव्हा चांगलीच फुशारले होते. तो ग्राफ मी पुढे दोन गिऱ्हाइकांना दाखवला.

"तापमान बरोबर आहे, माल वाकतोय, आणि दर वेळी मामांचा हात मध्ये आहे," त्या शुक्रवारी ते मला म्हणाले. "सरळ आहे. त्यांची नजर गेली असेल, किंवा यंत्रावर राग असेल. मला तुमच्याकडून एक पत्र हवंय, मोजमाप बरोबर आहे असं. सोमवारी अकरा वाजेपर्यंत. ते फाइलला लावतो आणि मामांना पॅकिंगला हलवतो. तोवर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, असं त्यांना सांगितलंय."

"त्यांच्या निवृत्तीला आठच महिने राहिलेत, साहेब."

"म्हणून तर घरी पाठवत नाहीये."

मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बाबांचा आला. स्क्रीनवर आकडा स्वच्छ दिसत असताना उगाच मध्ये हात घालायची काय गरज होती? एकतीस वर्षांचं नाव आठ महिन्यांसाठी घालवायचं? माणूस एखाद्या गोष्टीला पेटला की पेटला, आणि मग समजावणाऱ्याने डोकं आपटून घ्यायचं. वाकलेल्या सगळ्या मालाचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटणार होतं आणि ते फोडायला कागद मी पुरवायचा होता.

शनिवारी बाबा आणि मी दोघं घरातच होतो. आई आम्हा दोघांच्या मधून पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"तू ते पत्र देऊच नकोस," ती मला म्हणाली.

"नाही दिलं तर ते दुसऱ्या कुणाकडून घेतील. आणि खोटं काय आहे त्यात?"

"तिला लिहू दे," बाबा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाले. "तिला जे दिसतंय ते तिने लिहावं. मला जे दिसलं ते मी लिहिलंय."

"तुम्हाला जे दिसलं ते एका भोकातून दिसलं, बाबा. डोळ्याने. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याने."

हे बोलायला नको होतं. बाबांनी हातातला शर्ट पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून आतल्या खोलीत गेले.

रविवारी सकाळी ते वही घेऊन माझ्या टेबलापाशी आले. उभेच राहिले. "एकदा ऐकून घे. मग परत बोलणार नाही."

मी मान हलवली. मनात म्हटलं, हे वाक्य मी सहा वर्षांची असल्यापासून ऐकतेय.

"तिसऱ्या वेळी मी मुद्दाम करून बघितलं. मागचा गॅस निम्म्यावर आणला आणि वीस मिनिटं थांबलो. सहा नंबर हललासुद्धा नाही. का नाही हलला?"

"भट्टी गरम असते, बाबा. वीस मिनिटांत..."

"बरं. मग मागचा होता तसा केला आणि मधला कमी केला. पाच नंबर खाली आला. आणि त्याच्यासोबत सहा पण आला. सोबत म्हणजे सोबत. अगं, मधली धग मागे पोचायला निदान चार-पाच मिनिटं लागतात. मी रोज बघतो ते. हा एका दमात कसा येतो?"

"उष्णता पसरते."

"पसरायला वेळ लागतो म्हणूनच म्हणतोय."

"बाबा, प्लीज."

ते गेले. वही तिथेच ठेवून गेले, हे मला जास्त झोंबलं. मी ठरवलं की एकदाचं तोंड बंद करून टाकायचं. त्या दिवसाची नोंद काढायची, पाच आणि सहामधला चार मिनिटांचा फरक ठळक करून दाखवायचा, पत्राला जोडायचा आणि विषय संपवायचा. लॅपटॉपवर मी वहीतली वेळ शोधली, ग्राफ ताणला, आणखी ताणला. पाच मिनिटं पूर्ण स्क्रीनभर केली.

फरक नव्हता. चार मिनिटांचा नाही, एका सेकंदाचाही नाही.

मग मी आणखी जवळ गेले. प्रत्येक मोजमापात थोडी बारीक थरथर असते; आसपासच्या मोटारी चालू-बंद होतात, त्याने आकडा अर्ध्या अंशाने इकडे-तिकडे होतो. प्रत्येक सेन्सरची थरथर त्याची त्याची असते. पाच आणि सहाची एकच होती. पाच जिथे थरथरला तिथेच सहा थरथरला, फक्त जरा कमी. दोन महिने, रोज, रात्रंदिवस.

आता हे सांगायला लाज वाटते, पण हे काय असतं ते मला माहीत होतं. या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. कार्डाला सहा वायरी असल्या तरी वाचणारा भाग आत एकच असतो. तो पहिलीकडे बघतो, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे, सेकंदात शेकडो वेळा. पाचव्या वायरीवरून तो सहाव्या जागेवर आला आणि तिथे मुळी वायरच जोडलेली नसेल, तर पाचव्याचा उरलेला विजेचा दाब त्याच्या अंगावर तसाच असतो. तोच तो सहाचा म्हणून सांगतो. न आलेलं उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणाऱ्या पोरासारखं. शून्य दाखवलं असतं तर मी पहिल्या दिवशी पकडलं असतं. त्याने शेजाऱ्याचा चांगला आकडा दाखवला आणि त्या आकड्यावर मी शाबासकी घेतली.

मी बाबांना काही सांगितलं नाही. आधी बघायचं होतं. आणि खरं म्हणजे तोंड नव्हतं.

सोमवारी आठलाच मी कारखान्यात पोचले. भट्टी रविवारपासून चढत होती. स्क्रीनवर पाच नंबर अकराशे चाळीस, सहा नंबर अकराशे अडतीस. मागच्या बर्नरचं नियंत्रण मी आधी ऑटोवरून काढलं, म्हणजे माझ्या उद्योगात गॅस वेडावाकडा व्हायला नको. मग डबा उघडला. सहा वायरी एका ओळीत, प्रत्येक आपापल्या भोकात, प्रत्येकीवर एक स्क्रू. सहावी दिसायला इतरांसारखीच होती. ओढून बघितली. घट्ट.

स्क्रू सैल केला आणि वायर बाहेर काढली. तिच्या पिवळ्या प्लॅस्टिकवर स्क्रूचा स्वच्छ ठसा होता. वायर भोकात जास्त आत गेली होती आणि स्क्रू तांब्यावर बसायच्या ऐवजी प्लॅस्टिकवर बसला होता. तांब्याचा धातूला स्पर्शच नव्हता. ओढली की घट्ट, पण आत काहीच जात नाही. हाताखालच्या माणसांना मी नेहमी सांगते की वायर ओढून बघा. ओढून मीही बघितली होती. हे सहाही स्क्रू मी स्वतः आवळले होते, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

आणि तेव्हा माझ्यामागे बाबा उभे होते. "एकेक सेन्सर वेगळा करून बघ ना," म्हणत होते. मी म्हटलं होतं, "बाबा, मला माझं काम करू द्या." मग सगळी भट्टी एकदम तापवली, सहाही आकडे एकदम चढले, आणि मी सहाही ठिकाणी टिक केली. सहावा आकडा पाचाच्या जिवावर चढत होता.

डबा तिथेच बंद करून घरी जावं आणि कुणाला तोंड दाखवू नये असं वाटलं. पण भट्टी चालू होती. वायर तीन मिलिमीटर मागे घेतली, स्क्रू तांब्यावर बसवला, आवळला.

सहा नंबर अकराशे अडतीसवरून एका उडीत अकराशे नव्वदवर गेला.

नियंत्रण पुन्हा ऑटोवर टाकलं. कार्डाने आपण होऊन मागचा गॅस साठ टक्क्यांवरून चाळीसवर आणला. व्हॉल्व्हचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू गेला असावा, कारण दारात बाबा येऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले, लावायला मनाई होती म्हणून.

"बावन्न अंश," मी म्हटलं. "बावन्न अंश जास्त तापत होतं, बाबा. तुम्ही बरोबर होतात."

मला वाटलं ते काहीतरी बोलतील. निदान 'बघ' म्हणतील. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे, आणि म्हणाले, "चहा घेतलास का?"

अकराला साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं गेलो. मी ग्राफ मांडला. ग्राफच असल्यामुळे त्यांना पटकन समजला. त्यांचा चेहरा पडला, कारण ती चिकटलेली जोडी त्यांनी फ्रेम करून लावली होती.

"म्हणजे कार्ड खराब निघालं," ते म्हणाले.

माझ्या आधी बाबा बोलले. "हो साहेब. कार्डच. अशी येतात कधीकधी."

 हा माणूस चहाच्या सुट्टीला चार मिनिटं उशीर झाला तरी वहीत लिहितो. वाकलेला माल वाकलेला म्हणून लिहितो, त्यावर स्वतःची सही करतो. आणि आता शांतपणे खोटं बोलत होता, माझ्यासाठी. मला इतका संताप आला की आवाज चढला.

"कार्ड चांगलं आहे. वायर मी चुकीची जोडली होती आणि एकेक करून तपासली नव्हती. मामांनी सांगितलं होतं तपास म्हणून. मी ऐकलं नाही. त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला नसता तर तिन्ही वेळा दुप्पट माल गेला असता. पत्रात मी हेच लिहिलंय."

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. जणू केबिनमध्ये कुणा परक्याची मुलगी बोलत होती.

"बरं," साहेब शेवटी म्हणाले. "मामा भट्टीवरच राहतील." माफी त्यांना जमली नाही, त्याऐवजी त्यांनी विचारलं, "पण आता ग्राफ नीट येईल ना, मॅडम?"

बाहेर आल्यावर बाबा माझ्यावरच उखडले. "काय गरज होती? कार्डाला घर आहे का, दार आहे का? त्याच्यावर गेलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

"मग तुम्ही का नाही दर वेळी कार्डावर ढकललंत? वहीत का लिहीत बसलात, मी फिरवला, मी फिरवला?"

 भट्टीपर्यंत ते माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले.

ती भट्टी शनिवारी निवली. दार उघडलं तेव्हा मी मुद्दाम गेले होते. मागची रांग सरळ होती. शहाण्णवच्या शहाण्णव. बाबांनी एकेक इन्सुलेटर नखाने टिचकी मारून ऐकला, त्यात पाऊण तास घालवला, आणि एकही बाजूला काढला नाही. माल उतरवणारे लोक त्यांची पाठ थोपटत होते. मामांनी यंत्राला हरवलं म्हणत होते. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. चूक माझी होती, पण निस्तरलीही मीच होती, आणि बाबा त्यांच्या जागेवर होते.

दुपारी ते केबिनमध्ये आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"सोमवारपासून व्हॉल्व्हला हात लावला नाही," ते म्हणाले. "लावायची वेळच आली नाही. भोकातून बघायचो, बरोबर रंग. घटकाभराने बघायचो, बरोबर रंग. मागे जास्त झालं की मी उठायच्या आत ते कमी करतं."

"मग, मी काय सांगत होते?"

"साहेबांशी बोललोय. पहिल्या तारखेपासून पॅकिंगला जातो."

आधी मला वाटलं थट्टा करतायत. मग माझा तोल गेला. "कशासाठी? मी त्या केबिनमध्ये स्वतःची अब्रू काढून घेतली ती कशासाठी? तुम्ही इथे राहावं म्हणून ना? आठ महिने बसा की या स्टुलावर. कोण तुम्हाला उठा म्हणतंय?"

"बसायला मी पाहुणा आहे का इथला?"

"बाबा, तेव्हा पॅकिंग म्हटल्यावर दोन दिवस तुम्ही धड जेवला नाहीत."

"तेव्हा माल बिघडवणारा म्हणून पाठवत होते. नजर गेली म्हणून." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. "आता नजर बरोबर होती हे सगळ्यांना माहीत आहे. पण बघण्यासारखं काही राहिलं नाही. पॅकिंगला निदान फुटका-तुटका निवडायला कुणीतरी लागतं. तिथे कान उपयोगी पडेल."

 दोन महिने माझी वायर चुकलेली होती म्हणून भट्टीला बाबा लागत होते. ज्या सकाळी मी ती बरोबर जोडली, त्या सकाळी त्यांचं काम संपलं, आणि मी त्यांना वाचवल्याच्या थाटात आठवडाभर मिरवत होते. ग्राफसाहेबांना जे जमलं नव्हतं ते मी तीन मिलिमीटरमध्ये करून दाखवलं होतं. चिडायला समोर कुणी नव्हतं. डोळे भरून आले तेव्हा मी लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं.

"वाईट वाटतंय?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मलाही वाटतंय," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "पण म्हणून ती सहा नंबरची वायर परत काढून ठेवू नकोस."

मी तसं काही करणार नव्हते. पण माझी नजर क्षणभर त्या पत्र्याच्या डब्याकडे गेली होती, आणि ती त्यांनी बरोबर बघितली होती.